नळ स्टॉपची हवा तोलताना

पुण्यात कर्वे रस्त्यावर, नळ स्टॉपच्या चौकात चोवीस तास ठेवलेली फिल्टरची चकती सॅम्पलरमधून बाहेर काढली की पहिली नजर जाते ती रंगावर. आत ठेवताना ती दुधासारखी पांढरी असते. टेफ्लॉनची, ४७ मिलिमीटर व्यासाची, आणि इतकी पातळ की नाकाजवळ धरली तर श्वासाने थरथरते. बाहेर येते तेव्हा मधला गोल करडा झालेला असतो आणि कडेची पट्टी, जी पकडीखाली झाकलेली होती, तशीच पांढरी. डिसेंबर-जानेवारीत हा करडा रंग काळ्याकडे झुकतो. एप्रिल-मेमध्ये त्यात मातकट छटा येते. जुलैत पाऊस चांगला लागलेला असेल तर चकती इतकी फिकट निघते, की बदलायची राहून गेली की काय असं वाटावं.

ही चकती ज्याला दाखवाल तो एकच प्रश्न विचारतो : यातलं गाड्यांचं किती?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि अडचण अशी की जगातलं कुठलंही यंत्र त्याचं थेट उत्तर देत नाही. यंत्र सांगतं ते एकूण. त्यात डिझेलची काजळी, रस्त्याची धूळ, कोपऱ्यावर पेटवलेला कचरा, कुणाच्या तरी चुलीतला धूर, बांधकामाचं सिमेंट आणि शेकडो किलोमीटरवरून वाऱ्याबरोबर आलेले कण, सगळं एकाच गोलात बसलेलं असतं. रस्त्याचा वाटा मोजता येत नाही, तो हिशोबानं काढावा लागतो. म्हणून तो हिशोब कसा होतो आणि कुठे कच्चा राहतो, हे त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात कणाच्या आकारापासून करू. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. डोक्यावरचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे त्याच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण ओळीनं मावतील. पण हे ‘अडीच मायक्रॉन’ मोजपट्टीचं माप नाही. डिझेलची काजळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर द्राक्षाच्या वेड्यावाकड्या घडासारखी दिसते, तिचा व्यास कुठून कुठे धरायचा? त्यामुळे कणाचा आकार त्याच्या वागण्यावरून ठरवतात. अडीच मायक्रॉनचा पाण्याचा गोल थेंब हवेत ज्या वेगानं खाली बसेल, त्याच वेगानं जो कण बसतो तो अडीच मायक्रॉनचा, मग दिसायला तो कसाही असो.

या वागण्याचाच उपयोग करून सॅम्पलर मोठे कण बाजूला काढतो. त्यात जाळी नसते. खंडाळ्याच्या घाटातलं वळण आठवा. वेगात असलेल्या भरलेल्या ट्रकला वळणं जड जातं, तो सरळ जाऊ पाहतो, आणि हलकी दुचाकी सहज वळते. सॅम्पलरमध्ये आत ओढलेल्या हवेला असंच एक काटकोनी वळण दिलेलं असतं. हवा वळते, लहान कण तिच्याबरोबर वळतात, जड कण सरळ जाऊन तेल लावलेल्या तबकडीवर आपटतात आणि तिथेच चिकटतात. पुढे फिल्टरवर पोचतात ते फक्त लहान. अडीच मायक्रॉनला निम्मे कण आपटतात आणि निम्मे सुटतात, म्हणून तो आकडा. रेषा तशी धूसरच असते.

या रचनेत वेगाला फार महत्त्व आहे. पंपानं मिनिटाला १६.७ लिटर, म्हणजे तासाला बरोबर एक घनमीटर हवा ओढली पाहिजे. पंप थकला आणि हवा हळू आली, तर थोडे मोठे कणही ते वळण पार करतात आणि ‘सूक्ष्म’ म्हणून नोंदले जातात. उन्हाळ्यात तबकडीवर धूळ साचली तर नवे कण तिच्यावरून उसळी मारून पुढे जातात. दोन्ही वेळा यंत्र बंद पडत नाही, तक्रार करत नाही, फक्त चुकीचा आकडा देत राहतं. त्यामुळे कर्मचाऱ्यानं तबकडी पुसली की नाही आणि प्रवाह तपासला की नाही, याची वही मला निकालाच्या तक्त्याइतकीच मोलाची वाटते.

आता वजन. तासाला एक घनमीटर, म्हणजे दिवसाला चोवीस घनमीटर हवा. भारताच्या २००९च्या मानकाप्रमाणे पीएम २.५ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. हवा बरोबर त्या मर्यादेवर असेल तर चकतीवर जमणारी धूळ २४ गुणिले ६०, म्हणजे १,४४० मायक्रोग्रॅम, जवळपास दीड मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणा साधारण वीस मिलिग्रॅमचा. त्याचे तेरा-चौदा तुकडे केले तर त्यातला एक तुकडा, इतकंच आपल्याला तोलायचं असतं, आणि तेही चकतीच्या वजनातून वजा करून.

हे तोलताना किती गोष्टी आड येतात! चकती आधी चोवीस तास ठरावीक तापमानाच्या आणि ठरावीक दमटपणाच्या खोलीत ठेवावी लागते, कारण तिच्यावरचे क्षार हवेतलं पाणी ओढून जड होतात. टेफ्लॉनवर स्थिर वीज साठते आणि तागडीचा आकडा हलत राहतो, तो स्थिर होईपर्यंत ती वीज घालवावी लागते. हात कधीच लावायचा नाही, चिमट्यानंच उचलायची, तीही कडेला धरून. एकदा घाईत माझ्या बोटाची कड चकतीला लागली होती. पुन्हा तोलली तेव्हा बोटाच्या तेलकटपणामुळे वजन वाढलेलं दिसलं आणि तो आख्खा दिवस नोंदीतून काढून टाकावा लागला. दर खेपेला एक कोरी चकतीही सोबत चौकात नेऊन, हवा न ओढता, परत आणून तोलतात. तिचं वजन वाढलं असेल तर तेवढी धूळ हवेतली नाही, आपल्या हाताळणीतली.

आणखी एक घोळ आहे, आणि तो थेट गाड्यांशी जोडलेला आहे. इंजिनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड वायुरूप असतात. हवेत काही तास फिरताना त्यांचं नायट्रिक आम्ल होतं, ते अमोनियाला भेटतं आणि अमोनियम नायट्रेटचा घन कण तयार होतो. म्हणजे गाडीच्या नळीतून कण निघालाच नाही, तरी काही वेळानं आणि काही किलोमीटर पुढे तो कण होऊन उतरतो. थंडीच्या रात्री हा क्षार टिकतो. दुपारी ऊन तापलं की त्याचा पुन्हा वायू होतो, चक्क फिल्टरवर बसलेला असला तरीसुद्धा. रात्री पकडलेला कण दुपारी चकतीवरून उडून जातो आणि तागडीला त्याचा पत्ताही लागत नाही.

चकतीची पद्धत खरी, पण ती दिवसाला एकच आकडा देते. तासातासाला काय झालं हे कळायला दुसरी यंत्रं लागतात. सरकारी केंद्रांवर बहुधा बीटा किरणांचं यंत्र असतं : काचतंतूंच्या फितीवर तासभर धूळ जमवायची, फितीच्या एका बाजूनं कार्बन-१४ मधून निघणारे बीटा किरण सोडायचे आणि पलीकडे किती पोचले ते मोजायचं. धूळ जितकी जास्त, तितके पोचणारे किरण कमी. मग फीत पुढे सरकते. अलीकडे सोसायट्यांच्या गेटवर दिसणारे स्वस्त सेन्सर वेगळ्या तत्त्वावर चालतात. ते लेसरच्या उजेडात कण किती चमकतो ते पाहतात. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतो आणि जास्त चमकतो, म्हणून पावसाळी सकाळी हे सेन्सर उगाच घाबरवतात. उलट, सुमारे ०.३ मायक्रॉनहून लहान कण त्यांना जवळजवळ दिसतच नाहीत, आणि ताज्या काजळीचा बराच भाग त्याच मापाचा असतो. वाहनांचा धूर शोधायला हे सेन्सर नेमके तिथेच दुबळे पडतात. असे सेन्सर लावूच नयेत असं मी म्हणत नाही. पण वर्षातून दोनदा तरी, एकदा कोरड्या आणि एकदा ओल्या हवेत, ते मोठ्या यंत्राशेजारी ठेवून तपासावेत.

तासाचे आकडे हाती आले की एक मोठा गैरसमज दूर होतो. हिवाळ्यात सकाळी आठ-नऊला आकडा चढतो, दुपारी उतरतो, रात्री पुन्हा चढतो. लोक म्हणतात, दुपारी रहदारी कमी असते ना! नळ स्टॉपला दुपारी दोन वाजता उभं राहून बघा. गाड्यांची रांग असतेच. कमी झालेली नसते ती रहदारी, वाढलेली असते ती हवेची खोली. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. पुण्याला तर भोवती टेकड्या, उतारावरून घसरलेली थंड हवा मुळा-मुठेच्या खोलगटात साचते. उन्हानं जमीन तापली की झाकण उचललं जातं आणि तोच धूर कितीतरी मोठ्या जागेत पसरतो.

आता मूळ प्रश्नाकडे. रस्त्याचा वाटा काढायच्या तीन वाटा आहेत.

पहिली वजाबाकीची. एक यंत्र चौकात, दुसरं त्याच भागात पण रस्त्यापासून आत, समजा एखाद्या शाळेच्या गच्चीवर, आणि तिसरं शहराबाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला. शहराबाहेरचा आकडा म्हणजे बाहेरून आलेली धूळ. गच्ची वजा बाहेर म्हणजे शहरानं घातलेली भर. चौक वजा गच्ची म्हणजे त्या रस्त्याची भर. बर्लिनमध्ये लेन्शो आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ही मांडणी प्रसिद्ध केली आणि पुढे ती जगभर वापरली गेली. सोपी आहे, पण तिच्यातली मेख ध्यानात ठेवा. गच्चीवरच्या हवेत पौड रस्त्याचा, लॉ कॉलेज रस्त्याचा, शेकडो गल्ल्यांचा धूर मिसळलेला असतोच. वजाबाकीनं मिळतो तो ‘या’ रस्त्याचा वाटा. ‘सगळ्या’ रस्त्यांचा वाटा त्याहून मोठा असतो आणि तो शहराच्या आकड्यात लपून बसतो. वर्तमानपत्रात हे दोन वाटे सर्रास एकमेकांच्या जागी छापले जातात.

दुसरी वाट रसायनांची. प्रत्येक उगमाची आपली खूण असते. माती म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम. डिझेल म्हणजे काळा मूलकार्बन. ब्रेकच्या लायनरमधून तांबं, अँटिमनी आणि बेरियम येतं, टायरमधून जस्त. लाकूड किंवा काडीकचरा जळला की लेव्होग्लुकोसॅन नावाचा पदार्थ तयार होतो, तो दुसऱ्या कशातून सहसा येत नाही. चकतीचे तुकडे करून हे सगळं मोजायचं आणि मग गणितानं उलटा प्रवास करायचा : कुठल्या खुणा किती प्रमाणात एकत्र केल्या तर नेमकी ही चकती तयार होईल? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं सहा शहरांचा असा अभ्यास करवला, त्यात पुण्याचं काम वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेनं केलं. त्या अभ्यासांतून एक गोष्ट ठळक दिसली. पीएम १०मध्ये, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांत, रस्त्याची धूळ भाव खाऊन जाते, तर पीएम २.५कडे आलं की ज्वलनातून निघालेल्या कणांचं पारडं जड होतं. मात्र रस्त्यावरची धूळ ही माती, ब्रेक, टायर आणि खाली बसलेली काजळी या सगळ्यांचं मिश्रण असते. तिला ‘धूळ’ या रकान्यात टाकायचं की ‘वाहनं’ या, हा निर्णय रसायनशास्त्र देत नाही, माणूस देतो. हा रकाना बदलला की ‘गाड्यांचा वाटा’ एका रात्रीत बदलतो.

तिसरी वाट खालून वर जाणारी, आणि मला ती सगळ्यात शिकवणारी वाटते, कारण तिच्यात प्रत्येक आकडा कुठून आला हे विचारता येतं.

आधी गाड्या मोजायच्या : दुचाकी, रिक्षा, मोटारी, टेम्पो, पीएमपीच्या बस, डंपर. मग प्रत्येक प्रकारची गाडी किलोमीटरमागे किती कण सोडते तो आकडा लागतो. तो प्रयोगशाळेत मिळवतात. गाडी रोलरवर चढवतात, चालक समोरच्या पडद्यावरच्या रेषेप्रमाणे वेग वाढवतो आणि कमी करतो, आणि धूर एका मोठ्या नळकांड्यात स्वच्छ हवेत मिसळून मग फिल्टरवर घेतात. मिसळायचं कारण असं की गरम धुरातले तेलाचे अंश थंड हवेत आल्यावरच कणांवर बसतात. भारताची जुनी चाचणी १०८ सेकंदांच्या आवर्तनाची होती आणि तिच्यात कमाल वेग होता ताशी ४२ किलोमीटर. नियम कडक होत गेले तशी किलोमीटरमागच्या कणांची मर्यादा झपाट्यानं खाली आली. डिझेल मोटारीसाठी भारत स्टेज नियमांच्या बीएस-३ला किलोमीटरमागे ५० मिलिग्रॅम, बीएस-४ला २५ आणि १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ला ४.५ मिलिग्रॅम. ही मोठी सुधारणा आहे आणि ती मोकळेपणानं मान्य केली पाहिजे. फक्त रस्त्यावरचा पंधरा वर्षांचा टेम्पो त्या तक्त्यात नसतो, आणि मोजक्या जुनाट गाड्या एकूण धुराचा मोठा भाग ओकतात हे जगात जिथे जिथे मोजलं तिथे दिसलं आहे.

नळीतून निघणारं कमी झालं की चाकाखालचं पुढे येतं. रस्त्याची धूळ मोजायची रीत फार साधी आहे आणि तितकीच कष्टाची. पहाटे चारला, रहदारी सुरू व्हायच्या आत, रस्त्याचा एक तुकडा दोरी लावून आखायचा. ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं त्यावरची सगळी धूळ गोळा करायची. प्रयोगशाळेत ती वाळवून ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. चाळणीखाली उतरलेला गाळ दर चौरस मीटरला किती ग्रॅम, तो आपला आकडा. मी हे केलं आहे. दुभाजकाला लागून हात घातला की बोटाला पिठासारखी मऊ, काळपट पूड लागते, आणि चाकांच्या दोन पट्ट्यांमध्ये मात्र जवळजवळ काहीच नसतं, तिथलं सगळं गाड्यांनी आधीच उडवून कडेला लोटलेलं असतं. खोदकामाच्या खड्ड्यापुढे पन्नास पावलांवर तर चाळणीखाली भलताच मोठा ढीग येतो.

हा आकडा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या एका सूत्रात घालतात आणि जगभर तेच सूत्र चालतं. त्याप्रमाणे गाळ दुप्पट झाला तर उडणारी धूळ सुमारे १.९ पट होते आणि गाड्यांचं सरासरी वजन दुप्पट झालं तर दुपटीहून किंचित जास्त. पण ते सूत्र ज्या रस्त्यांवर बेतलं, तिथल्या गाड्यांचं सरासरी वजन १.८ टनांपासून पुढे होतं. आपल्या चौकात दुचाकींचा महापूर, स्वारासकट दोनशे-अडीचशे किलोंच्या. इथलं सरासरी वजन सूत्राच्या हद्दीबाहेर जातं. तरीही अहवालांत तेच सूत्र वापरलेलं दिसतं, कारण हाताशी दुसरं नसतं. ही उणीव भरून काढणारं काम पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात व्हायला हवं. याच सूत्रावरून विजेच्या बसचंही कळतं : नळीचा धूर शून्य, पण बॅटरीचं वजन चाकांवर असतंच.

आता प्रत्यक्ष गणित करून पाहू. आकडे मी समजण्यासाठी गृहीत धरतो आहे. एका तासात ४,००० गाड्या जातात आणि धूर, ब्रेक, टायर, उडालेली धूळ सगळं धरून सरासरी गाडी किलोमीटरमागे ०.१ ग्रॅम पीएम २.५ सोडते. म्हणजे तासाला, दर किलोमीटरला ४०० ग्रॅम. किलोमीटरला हजार मीटरनं आणि तासाला ३,६०० सेकंदांनी भागलं की रस्त्याच्या प्रत्येक मीटरमधून सेकंदाला साधारण १११ मायक्रोग्रॅम बाहेर पडतात.

हे कुठे जातं? गाड्या स्वतःच हवा घुसळतात, त्यामुळे रस्त्याच्या कडेपर्यंत धूर साधारण पावणेचार मीटर उंचीपर्यंत मिसळलेला असतो असं धरू. वारा रस्त्याला आडवा, सेकंदाला दोन मीटर. मग रस्त्याच्या दर मीटरवरून सेकंदाला २ गुणिले ३.७५, म्हणजे साडेसात घनमीटर हवा वाहून जाते. १११ मायक्रोग्रॅम साडेसात घनमीटरमध्ये, म्हणजे घनमीटरला जवळपास १५ मायक्रोग्रॅम. गच्चीवर ४५ असेल तर फुटपाथवर ६०.

आता वारा निम्मा करा. सेकंदाला एक मीटर. भर होते ३०. अर्धा मीटर केला तर ६०. एकही गाडी वाढली नाही, तरी रस्त्याची भर चौपट झाली. शंभर मीटर आत गेलात तर धूर पसरत पसरत, समजा, बारा मीटर उंच झालेला असतो, मग दोन मीटर वाऱ्यात भर उरते पाचाच्या आत. चौकातल्या घरात आणि दोन गल्ल्या आतल्या घरात फरक का पडतो, याचं उत्तर या भागाकारात आहे.

खरी गणिती प्रतिमानं हाच भागाकार जास्त बारकाईनं करतात. धूर सपाट थरासारखा नसून मध्यावर दाट आणि कडेला विरळ असतो, घंटेच्या आकारासारखा. ती घंटा किती वेगानं रुंदावते हे हवेच्या चंचलपणावर ठरतं. ब्रिटनमधल्या पास्क्विल यांनी १९६१ साली त्यासाठी ऊन, ढग आणि वारा यांवरून हवेचे सहा वर्ग पाडून दिले, भर दुपारच्या उकळत्या हवेपासून निवांत रात्रीच्या थिजलेल्या हवेपर्यंत. रस्त्यासाठी खास प्रतिमानं पुढे आली. त्यातलं कॅलाइन-४ हे कॅलिफोर्नियाच्या परिवहन विभागानं १९८४ साली तयार केलं, आणि भारतातल्या रस्त्यांच्या अभ्यासात आजही ते खूप वापरलं जातं. अशा प्रतिमानांची परीक्षा घ्यायला मिशिगन राज्यातल्या मिलफर्डमध्ये जनरल मोटर्सच्या चाचणीपट्टीवर १९७५ साली एक सुंदर प्रयोग झाला. शेकडो मोटारी ठरलेल्या वेगानं धावत ठेवल्या, त्यातल्या काहींमधून हवेत एरवी न सापडणारा सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू मोजून सोडला आणि कडेच्या खांबांवर तो किती पोचला ते टिपलं. उगम पक्का माहीत, म्हणून गणिताला पळवाट नाही. गाड्यांनी घुसळलेली हवा किती महत्त्वाची असते हे त्यातून नीट समजलं.

मिलफर्डचं माळरान मोकळं होतं, आपला लक्ष्मी रस्ता तसा नाही. दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की छपरावरून जाणारा वारा खाली दरीत भोवऱ्यासारखा फिरतो आणि धूर एका बाजूच्या दुकानांवर परत आणून टाकतो. डेन्मार्कमध्ये अशा रस्त्यांसाठी वेगळं प्रतिमान बांधलं गेलं. नळ स्टॉपला तर आता खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी रचना आहे. पुलाखालच्या सिग्नलवर थांबलेल्या गाडीच्या डोक्यावर खरोखरीचं छत आहे. मोकळ्या माळाचं सूत्र तिथे जसंच्या तसं लावणं मला पटत नाही.

प्रतिमान चाललं की नाही, हे कसं ठरवायचं? मोजलेला आकडा आणि काढलेला आकडा शेजारी ठेवायचे. निदान निम्मे आकडे मोजलेल्याच्या अर्ध्यापासून दुपटीपर्यंत आले तरी या शास्त्रात ते काम समाधानकारक मानतात. ऐकायला ढिलं वाटेल, पण मोजलेले वारे, अंदाजलेला गाळ आणि तासातासाला बदलणारी रहदारी पाहता ते प्रामाणिक आहे. मला संशय येतो तो दशांश चिन्हानंतर दोन आकडे छापणाऱ्या अहवालांचा.

वजनाच्या या सगळ्या हिशोबात एक मोठी गोष्ट सुटते. ताज्या धुरातले बहुतेक कण ०.१ मायक्रॉनहूनही लहान असतात. संख्येनं ते लाखोंनी असतात, वजनाला जवळजवळ काहीच नाहीत. एक मायक्रॉनच्या एका कणाचं वजन ०.१ मायक्रॉनच्या हजार कणांएवढं. लॉस एंजेलिसच्या महामार्गांजवळ झू आणि हाइंड्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत कणांची संख्या रस्त्याजवळ प्रचंड होती आणि सुमारे ३०० मीटरवर ती आसपासच्या हवेइतकी उतरली. पीएम २.५चं वजन मात्र त्या अंतरात फारसं हलत नाही. म्हणून युरोपनं डिझेल गाड्यांवर कणांच्या संख्येचीही मर्यादा घातली, आणि आपल्या बीएस-६मध्येही ती आली. आपली पीयूसी चाचणी मात्र डिझेलच्या धुरातून उजेड किती आरपार जातो तेवढंच पाहते. धुराच्या नळीतला फिल्टर फुटलेली नवी गाडीसुद्धा त्यातून सुटू शकते. नेदरलँड्समध्ये २०२३पासून डिझेल गाड्यांच्या नेहमीच्या तपासणीत कण मोजले जातात, आणि त्यासाठी लागणारं यंत्र टेबलावर मावतं.

नव्या पुलाचा किंवा रस्ता रुंदीकरणाचा अहवाल हाती आला तर मी थेट निष्कर्षाच्या पानावर जात नाही. गाड्या कुठल्या महिन्यात मोजल्या, पार्श्वभूमीचा आकडा कुठल्या गच्चीवरचा घेतला, धूळ कुणाच्या सूत्रानं काढली हे आधी बघतो. आणि मग एक जागा हमखास शोधतो : शांत वाऱ्याच्या तासांचं काय केलं? वर केलेल्या भागाकारात वारा खाली छेदात आहे. तो शून्य झाला की उत्तर अनंत येतं आणि गणित कोलमडतं, म्हणून अनेक प्रतिमानं वारा न वाहणारे तास सरळ वगळतात आणि उरलेल्यांची सरासरी देतात. नळ स्टॉपला जानेवारीत असे तास बहुधा पहाटेपासून साडेआठ-नऊपर्यंतचे असतात, शाळांच्या व्हॅन आणि रिक्षा पुलाखालच्या सिग्नलला थांबलेल्या असतात तेव्हाचे.